चार बोटं

कधीपासून? मिंगेल मेस्त विचारतो.
मला सांगता येत नाही.
सैलपणा काही रिवणच्या तिठ्यावर हात दाखवून
गाडीत चढलेला उतारू नव्हे.

कोळंबकडचा रस्ता तो. खाणीचे ट्रक थांबले,
चाकोऱ्या राहिल्या.
एप्रिलभर हौद्यात काजूच्या रसाची निळी पिंपं,
मागे माश्यांची वरात,
आणि मी स्टिअरिंग धरून बसलेला
म्हशीचं शिंग धरावं तसा.
गाडी डावीकडे ओढायची, मी उजवीकडे.
गाडी चालवणं म्हणजे हेच, असं वाटायचं.

सांग्यात एकाने सांगितलं, बॉक्स गेला, बदल.
दुसऱ्याने वरचा स्क्रू पिळून दिला पाऊण फेरा.
मग स्टिअरिंग जड झालं, वळण संपलं तरी परत येईना,
आणि सैल होतं ते सैलच.

कुडचड्याचा मिंगेल कुणाचं ऐकत नाही. रेडिओचंही नाही,
तो नुसता चालू असतो.
पिंपं उतरवू का, विचारलं तर म्हणाला,
वजन असू दे. रिकामी गाडी खोटं बोलते.
जॅकही नको. चाकं उचललीस की आजार पळतो.

जमिनीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर त्याची पाठ, शेजारी माझी.
सीटवर सुकांती.
हळू. डावीकडे. आता उजवीकडे. जोर लावू नको,
नुसतं विचार त्याला.

चार बोटं स्टिअरिंग फिरतं, चाक ढिम्म.
चार बोटं!
म्हणजे पाचव्या बोटापासून मी ड्रायव्हर.

खालून वेगळीच गाडी दिसते.
गेल्या वर्षीचं गवत शाफ्टला गुंडाळलेलं,
ग्रीस कुठलं, चिखल कुठला, कळत नाही.
मिंगेल एकेका सांध्यावर बोट ठेवून थांबतो,
बघत नाही, डोळे मिटूनच घेतो.
टाय रॉडची टोकं बरी.
ड्रॅग लिंक म्हातारी, पण शब्दाला जागते.
वर हौद्यात रस फसफसतोय, भट्टीवाल्याचा दोनदा फोन.
तो पुठ्ठ्यासकट सरकतो माझ्या सीटच्या खाली.
सुकांती, परत.

टक.

परत.

टक.

बॉक्स ज्या पट्टीवर बसतो
तिचा एक बोल्ट नाहीच. दुसरा आहे तो शपथेपुरता.
आणि चासीला, मातीखाली, नखाएवढी चीर.
स्टिअरिंग फिरवलं की आधी बॉक्सच फिरतो,
उरलासुरला निरोप चाकाला पोचतो.

बॉक्स बरो आसा, मिंगेल म्हणाला,
तो जाग्यार ना.

वरून सुकांतीचा आवाज आला:
हीच टकटक. तुझ्या पायाशी, दर खड्ड्याला.
मग सांगायचं नाही?
सांगितलं होतं. पुलावर.
तू म्हणालास, पिंपं आहेत ती.

बॅटरीची वायर सुटली, निळा उजेड झाला,
जुन्या लोखंडाला नवा तुकडा चिकटला,
दोन बोल्ट, आणि तो पिळलेला स्क्रू पाऊण फेरा मागे.
बाराशे रुपये. चहा त्याच्याकडून.

निघालो तेव्हा ऊन कललं होतं.
पहिल्याच चाकोरीत हातांनी
सवयीने चार बोटं जास्तीची दिली
आणि गाडीने ऐकलं.
सगळं ऐकलं, लगेच.
काजूची फांदी आरशावर आपटली, डावं चाक गटाराच्या काठावर,
पिंपं पुढे झुकून थांबली.

इंजिन चालू होतं. कुणी काही बोललं नाही.
मी हात बघत बसलो, दोन्ही.
त्यांना कुठे चीर असेल तर
ती बघायला कुठल्या पुठ्ठ्यावर झोपायचं?

उतर, सुकांती म्हणाली.
लायसन्स तिचंही आहे, कपड्यांच्या पेटीत, तळाला.
तिने सीट पुढे ओढली, आरसा सरळ केला.
स्टिअरिंगला विचारलं, चाकाने उत्तर दिलं.

मी पहिल्यांदाच त्या बाजूला बसलो.
कोळंबपर्यंत खड्डे तेवढेच होते.
कान देऊन ऐकत होतो:
भरलेली पिंपं वाजतच नाहीत.